दौत उलटी करून बघा!

पालघर जिल्ह्यातल्या माकुणसार, केळवे, माहीम या पट्ट्यातल्या एखाद्या जुन्या घराचा माळा उपसायला घ्या. कंदिलाच्या काचा, मोडका अडकित्ता, गंजलेली ट्रंक आणि कधीकधी एक पांढरी, गोलसर चिनीमातीची कुपी. वर मधोमध मोठं भोक, त्याच्याभोवती चार-पाच बारीक भोकं. एक म्हणतो उदबत्तीचं घर, दुसरा म्हणतो मिठाची डबी. तिसरा थेट भंगाराच्या पोत्याकडे हात दाखवतो. थांबा! ती जुनी इंग्रजी दौत असू शकते. तिच्यावरचा प्रत्येक टवका, तडा आणि डाग काहीतरी सांगत असतो. ते कसं वाचायचं, याच्या या चटपटीत गोष्टी.

इंग्रजी माल, नाव चिनी

आज आपण वस्तू उलटी करतो आणि चिनी निघाली की नाक मुरडतो. अठराव्या शतकात उलटं होतं. लंडनच्या पूर्वेला बो नावाचा चिनीमातीचा कारखाना होता. त्यानं १७५० साली दौती काढल्या आणि त्यांच्यावर चक्क लिहिलं, ‘मेड ॲट न्यू कँटन’. कँटन हे चीनचं बंदर, तिथूनच खरी चिनी भांडी युरोपात जायची. म्हणजे इंग्रजांनी आपल्या घरच्या मालाला चिनी नाव देऊन मिरवलं! सालासकट लिहिलेल्या या दौती अभ्यासकांच्या फार कामाच्या. बो कारखान्याच्या बाकीच्या मालाचं वय ठरवताना त्या आधाराला येतात.

चहा शाकाहारी, कप मांसाहारी

चिनी कारागिरांचं गुपित होतं केओलिन, म्हणजे पांढरी शुभ्र माती. इंग्लंडला ती सापडायला वेळ लागला. विल्यम कुकवर्दी या औषधविक्रेत्यानं कॉर्नवॉलमध्ये ती शोधली आणि १७६८ साली पेटंट घेतलं. तोवर प्रत्येक कारखाना आपापल्या युक्तीनं काम भागवत होता. वुस्टरनं शंखजिऱ्याच्या जातीचा दगड वापरला, बोनं हाडांची राख वापरली. पुढे अठराव्या शतकाच्या अखेरीस स्पोड घराण्यानं हाडाच्या राखेची कृती पक्की बसवली, तीच बोन चायना. ढोबळ प्रमाण असं : निम्मी बैलाच्या हाडांची राख, पाव चिनीमाती, पाव चिनी दगड. आपल्याकडे काही घरांत बोन चायनाचा कप स्वयंपाकघरात चालत नाही, त्यामागचं कारण हेच. दौतीचं बरं असतं, ती दिवाणखान्यातच राहते.

भोकांचं कोडं

आता ती बारीक भोकं. इंग्रज साहेब लिहायचा पिसानं. लिहून झालं की पीस ठेवायचं कुठे? दौतीच्या खांद्यावरच्या भोकात उभं खोवायचं. उदबत्तीचा संशय इथूनच येतो.

दौतीच्या संचात आणखी एक डबी असते, झाकणावर भरपूर बारीक छिद्रं असलेली. ही मिरीची किंवा मिठाची डबी समजून कित्येक जण जेवणाच्या टेबलावर मांडतात. ओळखायची खूण सोपी आहे. मिरीच्या डबीचा माथा फुगीर असतो आणि या डबीचा खोलगट, बशीसारखा. हिच्यातून कागदावर बारीक भुकटी शिंपडायची, कागद गुळगुळीत करायला किंवा ओली शाई सुकवायला. उरलेली भुकटी कागद दुमडून पुन्हा डबीतच ओतायची, म्हणून माथ्याला खोलगटपणा. आपल्या दप्तरखान्यांतही ओल्या मोडीवर वाळू शिंपडत. टीपकागद आला आणि दोन्हीकडच्या वाळूच्या डब्या निवृत्त झाल्या.

पितळेला न झेपणारी शाई

दौत चिनीमातीचीच का? कारण युरोपातली जुनी शाई आंबट स्वभावाची. मायफळ आणि हिराकस हा तिचा पाया. दोन्ही जिन्नस आपल्या काष्ठौषधीच्या दुकानातही ओळखीचे. या शाईतलं आम्ल धातूला हळूहळू खातं. चांगली झिलई असलेल्या चिनीमातीला मात्र ते काही करू शकत नाही. म्हणूनच चांदी-पितळेच्या दिमाखदार दौतीच्या आतसुद्धा काचेची किंवा चिनीमातीची वाटी बसवलेली असते. आपली काजळ आणि डिंक घालून घोटलेली पारंपरिक शाई त्या मानानं गरीब. तिनं धातूचं कधी वाकडं केलं नाही.

मीठ टाका, चकाकी मिळवा

सगळ्याच दौती नाजूक नव्हत्या. कचेऱ्यांना शाई पुरवायला तपकिरी, जाडजूड मातीच्या बाटल्या इंग्लंडहून साम्राज्यभर जात. डर्बीशरमधल्या डेन्बी गावचा बोर्न कारखाना यासाठी प्रसिद्ध होता. पी. अँड जे. आर्नोल्ड या शाईवाल्यांच्या बाटल्यांवर बोर्नचा शिक्का बऱ्याचदा दिसतो. यातल्या बऱ्याच बाटल्यांची चकाकी साध्या मिठाची असायची. भट्टी सुमारे १२०० अंशांवर पोचली की आत मीठ फेकायचं. मिठाची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या वाळूशी मिळतं आणि अंगावर काचेचा थर चढतो. पृष्ठभाग किंचित खडबडीत, पण पाणी झिरपत नाही. मिठागरं पाहत वाढलेल्या आपल्या किनाऱ्यावरच्या माणसाला मिठाचा हा उपयोग माहीत असायला हरकत नाही.

माठासारखी वाजवून घ्या

दौत धड आहे की नाही, हे डोळ्यांआधी कान सांगतो. उन्हाळ्यात माठ घेताना आपण बोटानं टिचकी मारतो, तशीच इथेही मारायची. दौत तळहातावर मोकळी ठेवा, मुठीत आवळू नका. खणखणीत आवाज आला तर बरं, बद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. मात्र नियमाला अपवाद आहे. जाड तबक, चिकटवलेली फुलं किंवा अवजड बैठक असेल तर धड वस्तूही बद्दच वाजते. तिथे कान बाजूला ठेवा आणि मोबाइलचा टॉर्च लावा. आतून उजेड टाकला की केसाएवढा तडाही रेघ होऊन उमटतो. उजेडाचा आणखी एक फायदा आहे. अठराव्या शतकातली वुस्टरची चिनीमाती उजेडासमोर बहुधा हिरवट छटा दाखवते.

तडा भट्टीतला की हातातला?

प्रत्येक तडा दोषाचा नसतो. काही तडे वस्तूसोबतच जन्मतात. भट्टीत माती आक्रसताना कुठेतरी फाटते आणि त्यावर झिलई वितळून बसते. अशा तड्याच्या कडा गोलसर, मऊ लागतात. नखाला धार लागत नाही. जाणकार याला फारसा दंड करत नाहीत. नंतर पडलेल्या तड्याच्या कडा धारदार असतात आणि त्यात मळ किंवा शाई शिरून काळी रेघ दिसते.

तिसरा प्रकार म्हणजे झिलईवरचं बारीक जाळं. माती आणि झिलई निवताना कमी-जास्त आक्रसल्या की असं जाळं पडतं. साध्या मातीच्या आणि मऊ जातीच्या चिनीमातीच्या दौतींवर ते जास्त दिसतं, बोन चायनावर क्वचित. दौतीच्या बाबतीत या जाळ्यात निळी-काळी शाई झिरपते आणि मग ते आणखी उठून दिसतं.

फुलांची डोकेदुखी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोलपोर्ट आणि मिंटन या कारखान्यांनी दौतींवर फुलांचा अक्षरशः सडा घातला. गुलाब, पानं, कळ्या, सगळं चिनीमातीचं. एकेक पाकळी हातानं वळून चिकटवलेली. दिसायला झक्कास, पुसायला महाकठीण! फडक्याचा एक धागा अडकला की पाकळीचा तुकडा उडालाच. त्यामुळे अशा फुलांच्या दौतीवर दोन-चार पाकळ्या तुटक्या असणं जाणकार गृहीत धरतात. उलट सगळ्या पाकळ्या जागच्या जागी आणि एकदम ताज्या दिसल्या, तर आधी डागडुजीचा संशय घ्यावा.

चिनीमातीला टाके

आज तुटलं की आपण झटपट चिकटणाऱ्या गोंदाची ट्यूब काढतो. पूर्वी चिनीमाती शिवत! हिऱ्याचं टोक लावलेल्या बारीक सामत्यानं तड्याच्या दोन्ही बाजूंना छिद्रं पाडायची, आरपार मात्र नाही, निम्म्या जाडीपर्यंतच. मग त्यात तारेचा वाकवलेला आकडा ठोकायचा आणि दोन तुकडे एकमेकांना आवळून धरायचे. चीन आणि युरोपात हे काम करणारे फिरते कारागीर होते. अशी टाके घातलेली दौत हाती आली तर आकडे उपटू नका. घरातल्या कुणालातरी ती टाकून द्यायची नव्हती, हे त्या आकड्यांवरून कळतं.

जांभळ्या दिव्याखालची चोरी

हल्लीची डागडुजी इतकी सफाईदार असते की डोळ्याला समजत नाही. पण नोटा तपासायला बँकेत आणि दुकानात ठेवतात तो अतिनील दिवा इथेही कामाला येतो. अंधाऱ्या खोलीत दौत त्याच्याखाली धरली की नवा रंग आणि गोंद मूळ झिलईपेक्षा वेगळे चमकतात. दिवा नसेल तर गाल लावा. मूळ झिलई गार लागते, रंगवलेला भाग किंचित कोमट. जुने व्यापारी दातावर हलकेच टेकवूनही बघतात. कडक लागलं तर झिलई, मऊ लागलं तर रंग. भंगारातून आलेल्या वस्तूवर हा प्रयोग धुतल्यावरच करावा!

बूड वाचता आलं पाहिजे

दौतीचा खरा दाखला तिच्या बुडाशी असतो.

‘इंग्लंड’ असं लिहिलं असेल तर वस्तू बहुधा १८९१ नंतरची. श्रेय अमेरिकेला. तिथल्या १८९० च्या जकात कायद्यानं आयात मालावर मूळ देशाचं नाव सक्तीचं केलं आणि इंग्रज कारखान्यांनी शिक्का बदलला. ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर बहुधा विसाव्या शतकातली.

तिरका उभा चौकोन आणि त्याच्या माथ्यावरच्या वर्तुळात रोमन चार असेल तर तो १८४२ ते १८८३ मधला नोंदणीचा शिक्का. चार म्हणजे मातीच्या वस्तूंचा वर्ग. पहिला धातूचा, दुसरा लाकडाचा, तिसरा काचेचा. १८८४ पासून चौकोन गेला आणि सरळ नोंदणी क्रमांक आले. १९०० च्या जानेवारीत गाडी ३,५१,२०२ वर पोचली होती. मात्र ही नोंद नमुन्याची असते. तो नमुना पुढे कितीही वर्षं निघत राहू शकतो.

गोल शिक्क्याच्या मध्ये ५१ आकडा दिसला तर तो नग क्रमांक समजू नका. ते रॉयल वुस्टर. कारखाना १७५१ साली सुरू झाला, त्याची ती आठवण.

काहीच लिहिलेलं नसेल तरी निराश होऊ नका. अठराव्या शतकातल्या डर्बी कारखान्याच्या अनेक वस्तूंच्या बुडावर तीन काळपट ठिपके असतात. भट्टीत वस्तू मातीच्या तीन गोळ्यांवर टेकवत, त्यांचे हे ठसे. नावाची सही नसली तरी ओळख पटते.

नांगर मोठा, शंका मोठी

लंडनच्या चेल्सी कारखान्याचा जहाजाचा सोनेरी नांगर हा शिक्का इतका लाडका की त्याची नक्कल उदंड झाली. अस्सल नांगर अगदी चिमुकला, जेमतेम पाच-सहा मिलिमीटरचा. बुडाच्या मधोमध ठसठशीत, ऐटदार नांगर झळकत असेल तर सावध! पॅरिसच्या सॅमसन कंपनीनं १८४५ पासून जगभरच्या जुन्या चिनीमातीच्या हुबेहूब प्रती काढल्या. पण त्यांची माती कडक जातीची आणि चेल्सीची मऊ. टवका उडालेला असेल तर भिंगाखाली बघा. कडक मातीचा तुटका भाग काचेसारखा तुळतुळीत दिसतो, मऊचा दाणेदार. म्हणजे ज्या टवक्यानं किंमत कमी होते, तोच टवका खरं-खोटं सांगतो.

डिकन्सचं माकड

टेबलावरची चिनीमाती म्हणजे फक्त दौत नव्हे. कादंबरीकार चार्ल्स डिकन्सच्या टेबलावर चिनीमातीचं एक छोटं माकड असायचं. ते समोर नसलं तर त्याचं लिहिणं अडायचं, असं सांगतात. ते माकड आज लंडनच्या डिकन्स संग्रहालयात आहे.

पायाखालचं मिंटन

फुलांच्या दौती काढणारं मिंटन मुंबईकर रोज पायदळी तुडवत आला आहे. भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची आणि कुलाब्याच्या अफगाण चर्चची फरशी मिंटनची. भाऊ दाजी लाडमध्ये फरशी झाली की मान वर करा. तिथे मुंबईत घडलेली भांडीही आहेत. १८७० च्या दशकात सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखाली कलात्मक कुंभारकाम सुरू झालं, त्याचे नमुने तिथे पाहता येतात. दौती बघायच्या तर पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय गाठा. अडकित्ते आणि दिव्यांसोबत जुन्या लेखनसाहित्यालाही तिथे जागा आहे.

साहेबाची शोभा, आपली देवता

इंग्रजाला दौत टेबलावर शोभेला लागायची. आपल्याकडे तिला थेट देवीचा मान. लक्ष्मीपूजनाच्या रात्री व्यापारी वह्यांसोबत दौत-लेखणीही पुजतात. दौतीवर महाकालीचं आवाहन, लेखणीवर सरस्वतीचं. काळी शाई ज्यात राहते तिथे महाकाली, हिशेब बरोबर जमतो. कायस्थ मंडळी यमद्वितीयेला चित्रगुप्तासोबत दौत-लेखणीची पूजा करतात. जन्मभराचा हिशेब ठेवणाऱ्याला दौत लागणारच. पूजेतल्या दौतीवर हळदी-कुंकवाचे डाग दिसले तर घासून काढू नका. असा डाग विलायतेतल्या कुठल्याही दौतीवर मिळायचा नाही.

शाई मात्र आपल्या गावची

दौत विलायती असली तरी शाईचा कारखाना लवकरच देशी झाला. दि. प. दांडेकरांनी १९३१ साली मुंबईत शाईची पूड आणि वड्या करायला सुरुवात केली. नाव होतं हॉर्स ब्रँड. घोडा मागे पडला, उंट आला आणि कॅम्लिन घराघरांत पोचलं. पुढे या कंपनीचा कारखाना बोईसरच्या तारापूर औद्योगिक वसाहतीत उभा राहिला. २०११ साली जपानच्या कोकुयो कंपनीनं तिच्यात मोठा वाटा घेतला.

शाळेच्या उतरत्या बाकाला उजव्या हाताशी गोल भोक असायचं, ते या वडीच्या शाईसाठी. भोकात पांढरी चिनीमातीची दौत बसायची, वरच्या कडेला बाहेर आलेला काठ, म्हणजे ती खाली पडू नये. या दौतींचा टवका हमखास त्या काठाच्या खालच्या बाजूला सापडतो. बाकातून उचकटून काढताना तोच भाग लाकडावर आपटतो. पोरांनी दौत किती वेळा उचकटली, ते मास्तरांना कळत नसलं तरी काठ सांगतो.

झाकण हरवलं, अर्धी किंमत गेली

पूर्ण संच म्हणजे तबक, शाईच्या दोन दौती, त्यांच्या आतल्या वाट्या, झाकणं, भुकटीची डबी आणि लाख वितळवायला छोट्या मेणबत्तीचं घर. यातलं पहिलं काय हरवतं? झाकण. मग दुसऱ्या संचाचं झाकण आणून बसवतात. ते ओळखायला झाकण फिरवून बघा. स्वतःचं झाकण नीट बसतं आणि नक्षीची रेघ कुठेतरी दौतीच्या रेघेशी जुळते. परकं झाकण खुळखुळतं. पांढऱ्या रंगाच्या छटेतही फरक पडतो. विलायतेच्या लिलावाच्या यादीत वस्तूपुढे ‘ए. एफ.’ अशी दोन अक्षरं दिसली तर समजा, आहे तशी घ्या, नंतर तक्रार ऐकून घेतली जाणार नाही.

बाजार आणि कायदा

माकुणसारहून सफाळे किंवा केळवे रोड स्टेशन गाठा, गाडी पकडा आणि ग्रँट रोडला उतरा. तिथून चोरबाजारातली मटण स्ट्रीट चालत गाठता येते. शुक्रवारी जाऊ नका, जुन्या वस्तूंची दुकानं बंद असतात. आणि एक लक्षात ठेवा. शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याखाली येऊ शकते. दुबईच्या मावसभावाला भेट म्हणून बॅगेत टाकून पाठवता येत नाही. वस्तू पुरावशेष नाही, असा दाखला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाकडून आधी घ्यावा लागतो.

माळ्यावर सापडलीच तर

एक, कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बस्स. जोडलेली किंवा टाके घातलेली दौत पाण्यात बुडवू नका.

दोन, सोनेरी मुलाम्यावर घासणी, चिंच, राख काहीही नको. मुलामा झिलईच्या वर बसवलेला असतो आणि घासला की जातो.

तीन, झटपट गोंद नको. तुकडे जरा वाकडे बसले की पुन्हा सुटत नाहीत. संग्रहालयातले जाणकार पॅरालॉइड बी-७२ सारखा गोंद वापरतात, जो नंतर विरघळवून काढता येतो. तोवर तुकडे वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून एकाच डब्यात ठेवा.

चार, खाडीच्या खाऱ्या हवेनं चिनीमातीला काही होत नाही, पण पितळी झाकण आणि बिजागरी हिरवी पडते. ती वेगळी काढून कोरडी ठेवा.

पाच, आत वाळलेली शाई खरवडू नका. बाजारात कोऱ्या करकरीत दौतीला भाव जास्त, हे खरं. पण कोरी दौत बहुधा कपाटात शोभेलाच बसलेली असते. डागाळलेल्या दौतीतून कुणीतरी खतं लिहिली, पत्रं लिहिली, पोरांची नावं शाळेत घातली. डागानं भाव दोन पैशांनी उतरला तर उतरू दे, दौतीनं नोकरी केल्याचा तेवढा एकच दाखला आहे.